धुऱ्यावरच्या बिनमधाच्या माश्या

परवा बाबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तणनाशक मारायला निघाले होते. पंप पाठीवर चढायच्या आत मी आडवी आले. "काऊन वं? तरोटाच तं आहे," ते म्हणाले. मी त्यांना हाताला धरून तरोट्यापाशी (काही भागांत याला टाकळा म्हणतात) नेलं आणि म्हटलं, दोन मिनिटं नुसतं ऐका.

पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी पिवळ्या फुलाला बिलगली आणि 'भर्र' असा तुटक, चढा आवाज आला. मग दुसऱ्या फुलावर पुन्हा तसाच. तरोट्याच्या फुलात मध नसतो, नुसते पराग असतात, आणि तेही पुंकेसराच्या नळीत कोंडलेले. नळीच्या टोकाला बारीक भोक. माशी पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ झडावं तसे पराग तिच्या पोटावर झडतात. वांग्याच्या आणि टमाट्याच्या फुलाची रचनाही हीच. वाऱ्यानं हलून वांगं थोडंफार फळतं, पण अशी थरथर मिळालेलं फूल जास्त चांगलं धरतं.

आणि ही विद्या पेटीतल्या मधमाशीला येत नाही. सातेरीला नाही, परदेशी मेलिफेराला नाही, झाडावरच्या आग्याला किंवा फुलोरीलाही नाही. हिवाळ्यात आपण वावरात पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजून भरताच्या पंगती उठवतो, त्या वांग्यांवर राबणाऱ्या माश्यांना आपल्याकडं साधं नावसुद्धा नाही.

म्हणून हे लिहिते आहे. गावात मधमाशीचा विषय निघाला की तो पेटीवर येऊन थांबतो. साताऱ्यातलं मांघर 2022 साली 'मधाचं गाव' झालं, त्याचा मला आनंदच आहे. आपल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं तर मोहोळ न जाळता आग्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायची रीत लोकांना शिकवली. मोठं काम आहे ते. पण जगात मधमाश्यांच्या कुळातल्या 20,000 पेक्षा जास्त जाती आहेत आणि मेणाची पोळी बांधून मध साठवणाऱ्या खऱ्या मधमाश्या त्यात जेमतेम दहाएक. बाकीच्यांपैकी बहुतेक एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत. एकच मादी बीळ खोदते, पराग आणते, अंडं घालते आणि पिल्लाचं तोंड न पाहता मरते.

या जातींतल्या साधारण 70 टक्के जमिनीत राहतात. नांगर-वखर न लागणारी, उन्हं खाणारी, थोडी उघडी जमीन त्यांना लागते. आपल्या शिवारात अशी जागा कोणती? धुरा आणि पांदण. दोन्ही आपण जेसीबी लावून साफ करत चाललो आहोत.

तुरीच्या किंवा गुलाबाच्या पानाला कडेनं कात्रीनं कापल्यासारखे गोल दिसले की आई म्हणायची अळी लागली. ती अळी नसते, पान कापणारी माशी असते. लांबट तुकड्यांनी ती पोकळ जागेत खोली बांधते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते आणि गोल तुकड्यांनी झाकण लावते. मग त्यावर दुसरी खोली. नराची अंडी ती दाराजवळच्या खोल्यांत घालते, कारण नर आधी बाहेर पडतात. पानाचे चार तुकडे गेले म्हणून झाड मरत नाही. कृपा करून त्यावर औषध मारू नका.

तुरीचंही वांग्यासारखंच. तूर बरीचशी आपली आपण फळते, पण ही पान कापणारी माशी किंवा लाकूड-बांबू पोखरणारा काळा भुंगा (तोही मधमाश्यांच्याच कुळातला) फुलावर बसला की वजनानं खालची पाकळी दबते, पराग त्याच्या अंगाला लागतात आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या तुरीत जातात. घरचं बियाणं 'बाटतं' ते यामुळंच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं संकरित तूर उभी केली तीही याच माश्यांच्या भरवशावर.

मला सगळ्यात जास्त थक्क करते ती यांची जुनी गोष्ट. घराच्या भिंतीवर मातीचं घरटं करून त्यात कोळी भरणारी कुंभारीण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दहा कोटी वर्षांच्याही आधी मधमाश्यांचे पूर्वज असेच शिकारी होते, पिल्लांना किडे चारायचे. पृथ्वीवर फुलझाडं पसरत असताना त्यांच्यातल्या एका शाखेनं शिकार सोडली आणि पराग धरला. अंगावरचे केस फाटे फुटलेले झाले, परागाला धरून ठेवणारे. कुंभारीण अजून शिकारच करते. एका कुळाची दोन घरं, आणि दोन्ही आपल्याच अंगणात.

फवारणीबद्दल मी उगाच बोलत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. जे माणसाला पाडतं ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या माशीचं काय करत असेल? औषध लागतं हे मलाही कळतं, आमचंही पोट कापसावरच आहे. पण फूल असताना सकाळी मारू नका, दिवस बुडता मारा. धुऱ्यावर तर मारूच नका. भादव्या-अश्विनात तरोटा, एकदांडी उभी असली तरच तुरीच्या फुलापर्यंत या माश्या शिवारात टिकतील.

बाबांनी त्या दिवशी पंप खाली ठेवला. पटलं की नाही ते बोलले नाहीत. काल गोठ्याचं छत उकलताना भुंग्यानं भोक पाडलेला एक बांबू निघाला, तो त्यांनी सरपणात टाकला नाही. धुऱ्यावरच्या बोरीच्या फांदीला आडवा बांधला आणि मला म्हणाले, "पाय बरं, येते का थो."