नाव तेच, लीग वेगळी

ऑस्ट्रेलियात, मुख्यतः मेलबर्नच्या उपनगरांत, आज खेळली जाणारी व्हीएफएल, म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल लीग (हा फुटबॉल ऑस्ट्रेलियन रूल्सचा, सॉकर नव्हे), १८९७ साली सुरू झाली, असं फिरणाऱ्या मजकुरात म्हटलंय. ते चूक आहे. घोळ नावाचा आहे, आणि तो होणं साहजिकही आहे.

मूळ संघटना व्हीएफए, म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन, स्थापना १८७७. कार्लटन, कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय, जिलाँग, मेलबर्न, साउथ मेलबर्न आणि सेंट किल्डा हे आठ क्लब १८९६ मध्ये तिच्यातून फुटले. त्यांनी नवी व्हीएफएल काढली, तिचा पहिला हंगाम १८९७चा. हीच लीग १९९० मध्ये एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, झाली.

मागे राहिलेली व्हीएफए मात्र संपली नाही. पोर्ट मेलबर्न, विल्यम्सटाउन असे उपनगरी क्लब घेऊन ती चालत राहिली. १९२५ मध्ये फूट्सक्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न एकदमच त्या नव्या लीगमध्ये गेले, तो घाव मोठा होता. तरी १९३८ पासून काही वर्षं चेंडू हाताने फेकून पास द्यायची मुभा देऊन तिने खेळच वेगळा केला. (कर्मठांना तो अर्थातच रुचला नाही.)

१९९६ मध्ये याच व्हीएफएने व्हीएफएल हे मोकळं झालेलं नाव घेतलं. म्हणजे आजच्या व्हीएफएलची मुळं १८७७ची. १८९७ हे साल एएफएलचं.