बेळगाव म्हणजे बेल्जियम नव्हे

एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघालो तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकानं एकेक धास्ती बांधून दिली. शेजारच्या काकूंनी तर "तिकडं पाणी नसतंय, कागद असतोय" हे कुणीतरी वारल्यासारख्या आवाजात सांगितलं. पण तुझं गाव नेमकं कुठलं, या एका प्रश्नात तुझे सहा महिने जातील, हे मात्र कुणीच बोललं नाही.

मला जागा मिळाली आखेनला. जर्मनीच्या पश्चिम टोकाचं शहर. नेदरलँड्स आणि बेल्जियम, दोन्हीकडं सिटीबस जाते. सीमाभागातून उचलला आणि सीमाभागात नेऊन टाकला! काहींच्या पत्रिकेत शनी असतो, माझ्या पत्रिकेत हद्द आहे.

आत्यानं जाताना एक किलो कुंदा दिला होता. बाहेरच्या देशांतून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, हे मला मुंबईच्या विमानतळावर कळलं. तासन्‌तास आटवलेलं दूध, ते काय कचऱ्याच्या डब्यात टाकायचं? अर्धा किलो तिथंच खुर्चीत बसून संपवला, उरलेला झाडूवाल्या मावशींना दिला. विमानात जेवणाचा ट्रे आला तेव्हा मी नुसते हात जोडले.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पहिल्याच संध्याकाळी एकीनं विचारलं, कुठला तू? म्हटलं, बेळगाव. ती खूश. "बेल्जियम? मग दर शनिवारी घरी जात असशील!" मी सावकाश, अक्षरं फोडून सांगितलं: बे-ळ-गा-व, इंडिया. तिनं मान डोलावली. "समजलं. मूळचा इंडियाचा, आता बेल्जियमला असतोस." हा साक्षात्कार तिनं मजलाभर वाटला. महिनाभर मी खिंड लढवली, मग नाद सोडला. ब्रसेल्सला पाऊस आहे का, असं कुणी विचारलं तर "आहे की" म्हणून मोकळा व्हायचो.

खरी परीक्षा पत्त्याच्या नोंदणीला झाली. जर्मनीत राहायला आलेल्या माणसानं दोन आठवड्यांत आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा असतो. टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्या पासपोर्टाची पानं उलटली. जन्मगाव 'बेलगाम', पत्त्यात 'बेळगावी', आणि तोंडी विचारल्यावर माझ्या तोंडून आलं 'बेळगाव'.

"ही तीन गावं?"

"एकच."

मग मी इतिहास सांगितला. इंग्रजीत बेलगाम होतं, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारनं बेळगावी केलं, आमच्या घरी आधीही बेळगाव आणि आताही बेळगाव. बाईंनी पेन उचललं. "यातलं बरोबर कुठलं?"

हा प्रश्न त्यांनी आमच्या चौकात विचारला असता तर संध्याकाळपर्यंत पोलीस बंदोबस्त लागला असता. मी म्हणालो, "तुमच्या चौकटीत जे बसेल ते." आणि उगाच शहाणपणा करून पुढं म्हटलं, "तुमच्या आखेनला नाही का, फ्रेंच लोक एक्स-ला-शापेल म्हणतात आणि डच आकन?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणू देत. लिहितो आम्ही आखेन."

असल्या करारी बाईला आमच्याकडं थेट महाराष्ट्र एकीकरण समितीचं तिकीट मिळालं असतं.

आपल्या माणसांत तरी सुटका होईल वाटलं होतं. पुण्याची एक मुलगी भेटली, दहा मिनिटं बोलली आणि म्हणाली, "कर्नाटकातला असून मराठी किती छान बोलतोस रे! कुठं शिकलास?" दुसऱ्याच दिवशी हुबळीचा एक जण भेटला. त्याच्याशी कन्नडात बोललो तर तो म्हणाला, मराठी माणसाच्या मानानं कन्नड बरं आहे तुझं. दोघांनीही मनापासून पाठ थोपटली होती, म्हणून भांडताही येईना. पुढं हुबळीकराला भाकरी थापता येते असं कळलं आणि मी त्याच्यापुरता सीमावाद स्थगित ठेवला.

भाकरीवर चटणी हवी म्हणून आईनं शेंगाचटणीचं पार्सल धाडलं. ते लीएजच्या विमानतळावर अडकलं. एका पहाटे बाबांचा फोन, "अरे, पार्सल परत आलं की! कंप्युटरवर बेळगाव दाखवतंय." मी म्हणेपर्यंत की बाबा, ते बेल्जियम आहे, आई पोस्टात भांडायला गेलीसुद्धा होती.

आणि आज्जा. १९५६ साली १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आमच्याकडं ती तारीख काळा दिन. आज्जांनी आजवर एकही सायकल फेरी चुकवलेली नाही. आता सायकल झेपत नाही, तर ती हातात धरून चालतात. त्या दिवशी मी फोनवर सहज बोलून गेलो, "आज्जा, इथं आज सगळं कडकडीत बंद आहे. दुकानं बंद, विद्यापीठ बंद." आखेनच्या राज्यात त्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते, हे सांगणार तोच पलीकडून गहिवरलेला आवाज आला:

"तिकडंबी पाळतात?"

मला पुढं बोलवलं नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत झालं होतं, जर्मनीनं पाठिंबा दिला म्हणून.

पुढच्या रविवारी तीन देशांची हद्द जिथं मिळते त्या टेकडीवर गेलो. उंची ३२२ मीटर, आणि हे म्हणे नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच ठिकाण. आमचं रेल्वे स्टेशनसुद्धा याच्या दुपटीहून उंचावर आहे! वर एक खांब. त्याला वळसा घातला की तीन देश फिरून होतात. मी वडाला घालतात तशा सात फेऱ्या घातल्या. कुणी हटकलं नाही. आमच्याकडं कुठं एका बसला काळं फासलं की दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पुढं सरकत नाहीत, त्यामुळं मला हे जरा चुकल्यासारखंच वाटत होतं.

तिथून बेल्जियममधल्या ऑयपेनला गेलो आणि रात्री आज्जांना सगळा वृत्तांत दिला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, हा भाग जर्मनीकडून बेल्जियमकडं गेला. माणसं अजून जर्मनच बोलतात.

"पाट्या?"

"जर्मनमध्ये."

"किती टक्के?"

"टक्के नाहीत आज्जा. शाळा जर्मन, कचेऱ्या जर्मन, त्यांचं स्वतःचं विधिमंडळसुद्धा आहे तिथं."

"आणि माणसं किती?"

"अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास."

आमच्या शहराच्या पाव हिश्शालाही पुरत नाहीत एवढी. फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. आमचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याला उगाच सांगितलं. तेवढ्यात पलीकडं ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, कागद सरकले, पेनाचं टोपण निघालं.

"त्यांनी निवेदन कुणाकडं दिलं होतं? नाव, पत्ता सांग. सावकाश सांग, लिहून घेतो."