हँडलर दहा ओळींचा आहे म्हणून रिव्ह्यू उरकू नका

स्टोरेज ड्रायव्हरच्या (डिस्कसारखं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या) कामात एक मत सर्रास ऐकू येतं: इंटरप्ट हँडलर (डिव्हाइसने इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारी वर्दी, दिली की चालणारा कोड) छोटा ठेवा, एमएसआय-एक्स (तारेऐवजी संदेश पाठवून इंटरप्ट देण्याची पद्धत) वापरा, स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत सीपीयूला जागीच फिरत ठेवणारं कुलूप) घ्या, रात्रभर लोड टेस्ट चालवा, ती पास झाली की रिव्ह्यूत बघण्यासारखं काही उरत नाही. चारही सल्ले चांगले आहेत. निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे, कारण इथली चूक लोकांच्या डेटावर बेतते.

आधी लोड टेस्ट, कारण सगळी भिस्त तिच्यावरच असते. समजा हँडलर आधी कम्प्लिशन क्यू (पूर्ण झालेल्या कमांडची यादी) रिकामी करतो आणि मग स्टेटस रजिस्टरमधला, इंटरप्ट आल्याची खूण असलेला बिट पुसतो. या दोन्हींच्या मधल्या क्षणी कंट्रोलरने आणखी एक कमांड पूर्ण केली, तर तिची वर्दीही त्याच फटक्यात पुसली जाते. लोड भरपूर असताना काहीच बिघडत नाही. पुढचा इंटरप्ट लगेच येतो आणि मागे राहिलेली एन्ट्रीही उचलतो. म्हणजे जितका लोड जास्त, तितकी चूक झाकली जाते! ती उघडी पडते मशीन निवांत असताना. एकच रीड अडकतं आणि अ‍ॅप्लिकेशन टाइमआउट होईपर्यंत गोठतं. लिनक्सवर एससीएसआय डिस्क आणि एनव्हीएमई (डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती) या दोन्हींना हा टाइमआउट मुळात 30 सेकंदांचा असतो. उपाय म्हणजे दोन ओळींची अदलाबदल: आधी बिट पुसा, मग क्यू वाचा. पण ते कोड वाचणाऱ्यालाच दिसतं.

एमएसआय-एक्समुळे शेअर्ड लाइनचा (अनेक डिव्हाइसनी एकच इंटरप्ट लाइन वापरण्याचा) प्रश्न मिटतो, हे व्हेक्टर (ड्रायव्हरला मिळणारे स्वतंत्र इंटरप्ट क्रमांक) मिळाले तरच खरं. ते मिळाले नाहीत तर बरेच ड्रायव्हर जुन्या आयएनटीएक्स लाइनवर उतरतात. तिथे इंटरप्ट आपला नसेल तर हँडलरने 'आयआरक्यू_नन' ('हा माझा नाही') परत करायलाच हवं. लिनक्स कर्नेल 1,00,000 इंटरप्ट मोजतो आणि त्यांतले 99,900 पेक्षा जास्त बेवारस निघाले तर ती लाइन बंद करतो. सरसकट 'हँडल्ड' म्हणणारा हँडलर हे संरक्षणच निकामी करतो. शिवाय एमएसआयचा संदेश डिव्हाइसच्या आधीच्या डीएमए राइट्सच्या (थेट मेमरीत केलेल्या लिखाणाच्या) मागूनच पोचतो. आयएनटीएक्सला तशी हमी नाही, म्हणून तिथे क्यू बघण्याआधी डिव्हाइसचं रजिस्टर वाचावं लागतं.

स्पिनलॉकचं थोडक्यात. तोच लॉक दुसरीकडे इंटरप्ट बंद न करता घेतला असेल आणि त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, तर हँडलर कायमचा अडकला. तेव्हा लॉक जिथे जिथे घेतलाय ती प्रत्येक जागा वाचा.

राहिला छोटेपणा. पीसीआय डिव्हाइस अचानक निघालं की रजिस्टर वाचताना सगळे बिट 1 येतात. 'स्टेटस शून्य होईपर्यंत फिरत राहा' असा तीन ओळींचा लूप मग थांबतच नाही. तसाच रिमूव्हचा (ड्रायव्हर काढण्याचा) क्रम: आधी डिव्हाइसचे इंटरप्ट मास्क (बंद), मग हँडलर काढून टाकणारं 'फ्री_आयआरक्यू', आणि त्यानंतरच डीएमए मेमरी मोकळी. शेअर्ड हँडलर काढताना कर्नेलचा 'डीबग_एसएचआयआरक्यू' पर्याय मुद्दाम एक खोटा इंटरप्ट सोडतो. क्रम चुकला असेल तर हँडलर मोकळ्या केलेल्या मेमरीला तिथेच हात घालतो. रात्रभराच्या लोड टेस्टआधी तो पर्याय चालू करून ड्रायव्हर एकदा काढून बघा.