‘दोन तुकडे उचलले तर काय बिघडलं?’

स्पष्टवक्ते (टोपणनावातच सगळं आलं),

केनियातल्या तुर्काना सरोवराकाठच्या राष्ट्रीय उद्यानांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, ठीक. पण ‘बोरूबहाद्दर’ कशासाठी? पंधरा वर्षं जीवाश्मांवर लिहितोय. आधी वाचायचं, मग लिहायचं, एवढी शिस्त अंगी आहे. तुमचं तुम्ही बघा.

एक चूक कबूल. ‘तुर्काना बॉय’ (आदिमानवाच्या मुलाचा जीवाश्म सांगाडा) सिबिलोई उद्यानात सापडल्याचं लिहून गेलो. तो 1984 मध्ये नारिओकोटोमेला, पश्चिम काठावर मिळाला, सिबिलोई पूर्वेला. दुरुस्ती केली, आभार.

आता तुमचं ते वाक्य: ‘वाऱ्यापावसानं हाडं झिजतातच, पर्यटकानं दोन तुकडे उचलले तर काय बिघडलं?’

सरोवराच्या पूर्व काठावरच्या कूबी फोराची, आदिमानवाची 1470 क्रमांकाची कवटी 1972 मध्ये बर्नार्ड न्गेनेओंना दिसली, ती काही अखंड नव्हती. उतारावरची माती चाळून दीडशेहून जास्त तुकडे गोळा केले, तुटक्या कडा एकमेकींना लावून पाहत कवटी उभी केली. त्यातला कपाळाचा तुकडा आधीच कुणाच्या खिशात गेला असता तर मेंदूचं आकारमान कशावरून काढलं असतं?

शिवाय हाडावर वय लिहिलेलं नसतं, ते थरावरून ठरतं. ही कवटी केबीएस नावाच्या ज्वालामुखी राखेच्या खालची. त्या राखेचं वय आधी 26 लाख वर्षं धरलं होतं. इथल्या डुकरांचे जीवाश्म इथिओपियातल्या ओमो नदीच्या खोऱ्यातल्यांशी ताडले तेव्हा हिशेब जमेना. आज ते 19 लाखांच्या आसपास मानतात. होय, डुकरांचे! ‘क्षुल्लक तुकडे’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

म्हणून लेखात सांगितलं होतं: जीवाश्म हाड दिसलं तर जागचं हलवू नका. ‘जपून’ बाजूच्या दगडाखाली ठेवणं तर आणखी वाईट, कारण मग ते कुठल्या थरातून आलं हेच कळत नाही. धुऊ नका, भेगाळलेलं हाड पाण्यानं सुटतं. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून एक फोटो जवळून, एक उतार दिसेल असा. जीपीएसची नोंद घ्या आणि रेंजरला दाखवा.

ओमो नदीवरच्या गिबे-3 धरणाबद्दल तुम्ही पाच परिच्छेद लिहिलेत. सरोवराचं सुमारे 90 टक्के पाणी ओमोतून येतं आणि 2018 मध्ये युनेस्कोनं ही उद्यानं धोक्यातल्या वारसास्थळांत टाकली, हे मलाही ठाऊक आहे. पण लेख धरणावर नव्हता. तुम्ही काढलेल्या मगरींच्या विषयाचंही तेच.

‘आधी तिथं जाऊन या’ याला मी उत्तर देत नाही.