कुस्ती आहे का कानगोष्ट?

काल पुन्हा तेच. सोलापूरचं ऊन, वर तापलेला पत्रा, मांडीवर कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा, आणि मॅटवर दोन पैलवान डोक्याला डोकं लावून उभे! एकानं समोरच्याचं मनगट धरलं ते धरलंच. डाव म्हणाल तर पट नाही, ढाक नाही, घिस्सा तर लांबच राहिला. पंचांनी बोंबलून बोंबलून शेवटी एकाला 30 सेकंदांचं घड्याळ लावलं, तेवढ्यात गुण घे म्हणून. तरी थंडच. 1 गुण समोरच्याला. दुसऱ्या फेरीत तोच तमाशा उलटा, 1 गुण पहिल्याला. 1-1, आणि शेवटचा गुण ज्याचा तो विजयी! 6 मिनिटांत एक डाव नाही, तरी हात वर आणि दंडावर थाप. कसली थाप मारतोस रे?

आघाडी मिळाली की वेळ काढायला बुटाची लेस सुटते, ते वेगळंच. दर वेळी डावीच कशी सुटते हो?

पैलवानाला विचारलं तर म्हणतो, "काका, नियमात बसतंय." बसतंय ना? मग तू पण बस की, उभा कशाला राहतोस!

मातीत असा उभा राहिला असता तर वस्तादानं पाठीत काठी घातली असती. (तिथंही बरोबरीत सोडवायला अर्धा-अर्धा तास झोंबणारे पाहिलेत म्हणा. पण निदान हलगी तरी वाजत असते.)