खुलासा: चौथा हॉर्न म्हणजे कच्चा वादक नव्हे

पाश्चात्य वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्न हे पितळी फुंकवाद्य सहसा चौघे वाजवतात. ‘वाद्यवृंदात पहिल्या हॉर्ननं खुलून वाजवावं, बाकी तिघांनी दबून, चौथी खुर्ची नवख्याला द्यावी,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

हॉर्नचे क्रमांक गुणवत्ता यादीसारखे नसतात. परंपरेनं पहिला आणि तिसरा वरच्या पट्टीचे, दुसरा आणि चौथा खालच्या. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत (1824) तिसऱ्या भागातला अवघड एकल तुकडा चौथ्या हॉर्नलाच आहे. नवख्याला देऊन बघा!

दबून वाजवण्याचा परिणाम उलटा होतो. खालचे स्वर कानाला मुळातच कमी जाणवतात. तिथे फुंक आवरली की पाया जातो, वरचा स्वर एकटा टोचतो आणि पहिल्याचाच सूर बेसूर वाटू लागतो. दोघे एकच स्वर एका सप्तकाच्या अंतरानं वाजवत असतील, तर खालच्यानं किंचित भरीव वाजवावं.

मेजर कॉर्ड (षड्ज, शुद्ध गंधार आणि पंचम एकत्र) जुळवताना आधी षड्ज आणि पंचम धरा. दोन स्वर नीट न जुळल्यानं ऐकू येणारी थरथर थांबली की मगच गंधार मिसळा, ट्यूनरच्या (सूर मोजणाऱ्या यंत्राच्या) मध्यखुणेपेक्षा सुमारे 14 सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). काटा मध्यावर ठेवून गंधार वाजवला तर तो चढाच लागतो, आणि मग सगळे उगाच ‘आवाज कमी करा’ म्हणतात.

चौघांपैकी एकाचाच आवाज वेगळा उठत असेल तर जोर मोजण्याआधी बेलमधला (हॉर्नच्या पसरट तोंडातला) उजवा हात पाहा. हात जास्त मिटला की आवाज घुसमटतो, सूरही उतरतो. जास्त उघडला की आवाज पत्र्यासारखा होतो, सूर चढतो. हाताची ठेवण आधी सारखी करायची, ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) त्यानंतर हलवायची.