खुलासा: लियोंचा महिला संघ २००४ साली जन्मला नाही

‘ऑलिंपिक लियोंने २००४ मध्ये शून्यातून महिला संघ उभा केला’ असा मेसेज या फ्रेंच फुटबॉल क्लबाबद्दल फुटबॉलच्या ग्रुपांवर फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला, चूक झाली.

हा संघ १९७० पासून एफसी लियों या दुसऱ्या क्लबचा महिला विभाग होता. २००४ मध्ये तो ऑलिंपिक लियोंकडे आला, एवढंच. फ्रान्सच्या महिला फुटबॉल विजेत्यांची जुनी यादी काढून पाहिली: १९९१, १९९३, १९९५, १९९८, चारही वर्षांपुढे ‘एफसी लियों’. २००७ पासूनची सलग चौदा विजेतेपदं आणि आठ चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) नंतरची. मोठी गुंतवणूक झाली हे खरंच, पण आधीच्या मुलींचं खेळणं त्या मेसेजमुळे पुसलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.